आधी बाजार, मग भट्टी

लेकी, ओव्हन आणलास ते चांगलं केलंस. आता एक ऐक. शनिवार-रविवार आला की मोबाइलवर कृती शोधायची, तिच्यातलं सामान लिहून काढायचं आणि ती चिठ्ठी घेऊन दुकानं पालथी घालायची, असं करू नको. त्या चिठ्ठीतलं निम्मं सामान देवणीत मिळत नाही. मिळालं तरी किती महिने फळीवर पडून आहे याचा पत्ता लागत नाही. माझ्या सासूबाईंनी मला जे शिकवलं तेच तुला सांगते. काय भाजायचं हे घरात ठरवायचं नाही, बाजारात ठरवायचं. तीळ चांगले मिळाले तर तिळाचं, खवा ताजा मिळाला तर खव्याचं, काहीच मनासारखं नसेल तर ज्वारीची नानकटाई, कारण ज्वारी आपल्याकडे कधी दगा देत नाही.

आठवडी बाजार सुट्टीला धरून येईलच असं नाही, म्हणून सामानाचे दोन भाग कर. ज्वारी, गहू, तीळ, शेंगदाणे, जवस, गूळ, ओवा हे कोरडं सामान बाजाराच्या दिवशी भरून ठेव. दूध, दही, खवा, कोथिंबीर, केळी हे शनिवारी संध्याकाळी, नाहीतर रविवारी सकाळी आण. बाजारात लवकर गेलं तर माल निवडून मिळतो, दिवेलागणीला गेलं तर स्वस्त मिळतो. भाजायच्या सामानाला पहिली वेळ, रोजच्या माळव्याला दुसरी.

मोठ्या दुकानात शिरण्याआधी पोतं अंथरून बसलेल्या बाया बघत जा. "कुणाच्या रानातलं, माय?" एवढं विचार. घरचं असेल तर ती वाण सांगेल, कधी काढलं ते सांगेल, पावसात भिजलं का तेही सांगेल. मोंढ्यावरून आणलेलं असेल तरी काही बिघडत नाही, फक्त मग दाणा तू स्वतः पारखून घे. आणि घासाघीस करायची तर अडत्याशी कर. दोन शेर तीळ घेऊन उन्हात बसलेल्या म्हातारीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालू नये. पुढच्या बाजारी चांगला माल ती तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवते, त्याची किंमत पाच रुपयांहून फार मोठी आहे.

ज्वारी पारखायची रीत अशी. मूठभर दाणे तळहातावर घे आणि फुंकर मार. फोलपट उडेल, पोचट दाणे उडतील. राहिलेल्यातले दोन-चार दाणे चाव. रब्बीची मालदांडी दाताखाली कटकन फुटते आणि पिठूळ, गोडसर लागते. कागदोपत्री तिला एम ३५-१ म्हणतात. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर निवडलेला हा वाण आहे आणि इतकी नवी बियाणी आली तरी भाकरीसाठी लोक अजून तिचंच नाव घेतात. दाण्यावर काळे डाग दिसले तर ती बहुधा खरिपाची, काढणीच्या वेळी पावसात सापडलेली. तिला बुरशीचा वास असतो आणि भाजल्यावर तो जात नाही. कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नको. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅटबरोबर तयार केलेली 'परभणी शक्ती' २०१८ साली आली. तिच्यात लोह आणि जस्त जास्त आहे. कुणाच्या रानात ती पिकत असेल तर आवर्जून माग. घरात बाळंतीण असेल, वाढतं लेकरू असेल, तर बिस्किटाच्या निमित्ताने चार चांगल्या गोष्टी पोटात जातात.

आता गिरणीचं. दळण नुसतं टाकून येऊ नको, तिथे थांब. आधी कुणाचं काय दळलं ते बघ. हरभऱ्याच्या किंवा मक्याच्या मागे तुझी ज्वारी गेली तर पहिलं पायलीभर पीठ मिसळीचं येतं. ज्वारीच्या मागे ज्वारी लागली तर सोनं. गिरणीवाल्याला सांगायचं, बारीक दळ, पण पीठ तापू देऊ नको. घरी आलं की गरम पीठ तसंच डब्यात कोंबायचं नाही. सुती धोतर अंथरून त्यावर पसर, गार होऊ दे, मग भर. गरम पिठाला डब्यात घाम येतो, गुठळ्या होतात आणि आळ्या लवकर पडतात. ज्वारीचं पीठ दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवसांचं दळू नये, उन्हाळ्यात तर आठवड्याचंच. दाण्याच्या कोंबात तेल असतं, दळलं की ते उघडं पडतं आणि पीठ कडवट होतं. भाकरी थापताना तुटायला लागली की आपण म्हणतो, पिठाची विरी गेली. विरी गेलेलं पीठ नानकटाईला चालतं. कडू झालेलं कशालाच चालत नाही. शंका आली तर चिमूटभर जिभेवर ठेवून बघ.

ज्वारीकडून काय होतं आणि काय होत नाही हे एकदा पक्कं समजून घे, म्हणजे पुढची निम्मी निराशा टळेल. गव्हात ग्लुटेन असतं, त्याने पीठ ताणलं जातं आणि फुगताना आतली हवा धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही. म्हणून नुसत्या ज्वारीचा पाव फुगत नाही आणि त्याच्या मागे लागून उपयोग नाही. पण जिथे चिवटपणा नकोच असतो, तिथे ज्वारी गव्हालाही मागे टाकते. नानकटाई, खुसखुशीत बिस्किट, तिखट चकत्या, ताकात आंबवलेला वडीसारखा खारा केक, ही तिची कामं. पाव करायचाच झाला तर तीन वाट्या गव्हाच्या पिठाला एक वाटी ज्वारी, त्यापेक्षा जास्त नाही. तीही कोरडी घालायची नाही. भाकरीला करतो तशी उकळत्या पाण्यात तिची उकड काढायची, गार करायची आणि मग गव्हाच्या पिठात मळायची. उकड पाणी धरून ठेवते, त्यामुळे पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

तुपाबद्दल मी जरा हट्टी आहे. देवणीत राहायचं आणि तूप पाकिटातलं आणायचं, हे मला पटत नाही. या गावाच्या नावाने गाईची अख्खी जात ओळखली जाते. दुधालाही चांगली आणि औताला बैलही दणकट, अशी दोन्ही कामांची जात फार ठिकाणी नाही. पांढऱ्या अंगाची आणि तोंडाच्या बाजूंना काळी ती वानेरा, अंगाने पांढरी स्वच्छ ती बालंक्या, अंगभर काळे ठिपके-पट्टे असलेली ती शेवरा. तुला या तिन्ही ओळखता आल्या पाहिजेत. संकरित गाईइतकं दूध ती देत नाही, म्हणून तिचं तूप महाग पडतं, आणि महाग पडतं म्हणून लोक गाय विकतात. दावणीला देवणी गाय असलेली घरं दर वर्षी कमी होताना दिसतात आणि जीव तुटतो. महिन्याला अर्धा किलो का होईना, अशा घरातून तूप घे. ज्या घरात लोणी कढताना तू स्वतः वास घेतला असशील, तिथलंच घ्यायचं. गाईचं तूप पिवळसर आणि रवाळ असतं. बोटावर घेऊन चोळलं की अंगच्या उबेने विरघळतं आणि वास हातावर बराच वेळ राहतो.

आता नानकटाई. यातली एकेक पायरी नीट ऐक, कारण हिच्यात हात बसला की बाकी सगळं सोपं जातं.

दीड वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा. ज्वारीचं पीठ मंद आचेवर कोरडंच परतून घे, रंग बदलायच्या आत उतरव. त्याने कच्चटपणा जातो. गार झालं की बेसन आणि रवा मिसळून मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळ. पाऊण ते एक वाटी पिठीसाखर आणि एक वाटी तूप. तूप पातळ नको, घट्ट दगडही नको, बोट रुतेल असं थिजलेलं हवं. तूप आणि साखर परातीत घेऊन तळव्याने फेटायचं, एकाच दिशेने. आधी पिवळं आणि जड लागतं. मग हळूहळू रंग उतरतो, पांढरं होत जातं, फुलतं आणि हाताखाली हलकं वाटायला लागतं. इथे घाई करायची नाही. नानकटाईचा खुसखुशीतपणा या फेटण्यात आहे. सोडा त्याला मदत करतो, त्याची जागा घेत नाही. मग चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ, एक चमचा दही आणि पाव चमचा खायचा सोडा. दह्याच्या आंबटाने सोडा उठतो. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि रंग मळकट होतो, म्हणून चमचा काठोकाठ भरायचा नाही. आता पीठ थोडं थोडं घाल आणि फक्त गोळा होईपर्यंत एकत्र कर. पुरणपोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही.

सगळ्यात मोठा कानमंत्र हा आहे. पहिल्या खेपेला एकच नानकटाई भाजून बघ. पसरून चपटी झाली तर पिठात दोन चमचे ज्वारी वाढव किंवा गोळा गार जागी ठेव. विस्कटून चुरा झाला तर चमचाभर तूप घाल. वरून छान पण खालून काळी पडली तर पत्रा वरच्या खणात सरकव. प्रत्येक घरचं तूप वेगळं, प्रत्येक दळण वेगळं, तुझा ओव्हनही शेजारणीच्या ओव्हनपेक्षा वेगळा, त्यामुळे कृतीत लिहिलेला आकडा शेवटचा धरायचा नसतो. ओव्हन आधी दहा-पंधरा मिनिटं तापव, १६० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं धर आणि पंधराव्या मिनिटापासून लक्ष ठेव. वरचा रंग फिकटच राहतो, त्याची वाट बघायची नाही. एक उलटून तळ बघ, बदामी झाला की झालं. गरम असताना ती मऊ लागते आणि कच्ची राहिली असं वाटतं. परत आत ढकलू नको. पत्र्यावरच निवू दे, मग हात लाव.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा तूप परातीतच वितळतं आणि नानकटाई पुरीसारखी पसरते. त्या दिवसांत भल्या पहाटे कर. गोळे वळून पत्र्यासकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव आणि थेट तिथून ओव्हनमध्ये घाल.

ओव्हन नव्हते तेव्हा बायका काय करत, हे तुला माहीत असावं. दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पीठ, पिठीसाखर, तूप, दूध असं सगळं घेऊन बेकरी गाठायची. बेकरीवाला आपल्यासमोर मळायचा, त्याचा अमोनिया आणि सोडा घालायचा, साच्यातून बिस्किटं काढून पत्र्यांवर मांडायचा आणि किलोमागे मजुरी घ्यायचा. घरी येताना पत्र्याचा डबा भरून बिस्किटं. ही पद्धत अजून मोडलेली नाही, आणि ज्या बेकरीत लाकडाची भट्टी पेटते तिथे वर्षातून एकदा तरी जा. विटांची भट्टी चहूबाजूंनी सारखी तापते, तशी आच घरच्या ओव्हनला येत नाही. फक्त तीन गोष्टी सांभाळ. सकाळी लवकर नंबर लाव, कारण पाव निघाल्यावर भट्टीची आच उतरायला लागते आणि ती वेळ बिस्किटांना सगळ्यात चांगली. तूप आपलं आपण मोजून, आपल्या डोळ्यांदेखत घालायला लाव. आणि पत्र्यावर आपल्या नावाची चिठ्ठी ठेव, दिवाळीच्या गर्दीत डबे बदलतात. घरून ज्वारीचं पीठ नेलंस तर बेकरीवाला नाक मुरडेल. त्याला सांग, अर्धी ज्वारी, अर्धा गहू, आणि दूध हात राखून घाल.

पण आपलं खरं घरचं भाजणं बेकरीच्याही आधीचं आहे. ते म्हणजे रोडगे. रानात, मारुतीच्या पारापाशी, नवसाच्या पंगतीला गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे तू खाल्लेस, पण केले नाहीस. एका रविवारी ओव्हन बंद ठेव आणि हे शिक.

गहू जाडसर दळून आणायचा, हाताला रव्यासारखा लागला पाहिजे. त्यात मीठ, हातावर चोळलेला ओवा आणि कडकडीत तेलाचं मोहन. मोहन घातल्यावर मूठ वळली की पीठ मुठीचा आकार धरून राहिलं पाहिजे, नाही राहिलं तर तेल कमी आहे. कणीक घट्ट भिजव आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेव. मग लहान पुऱ्या लाट, प्रत्येकीला तेल लावून पीठ भुरभुरव आणि चार-पाच पुऱ्या एकावर एक ठेव. त्यांना बाहेरून एका मोठ्या पारीत बंद करून गोळा वळ. तोंड नीट दाबायचं, फट राहिली तर राख आत जाते. हा गोळा भाजल्यावर मोडला की आतले पदर सुटे होतात आणि तूप थेट गाभ्यापर्यंत उतरतं.

आर करणं हेच खरं कसब आहे. गोवऱ्या खडखडीत वाळलेल्या हव्यात, ओल्या असल्या तर धूर रोडग्यात शिरतो. रचून पेटव आणि मग हात बांधून बस. ज्वाळा जाऊ दे, धूर पूर्ण संपू दे, निखाऱ्यावर पांढरी राख धरू दे. ज्वाळेत टाकलेला रोडगा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. राख धरली की निखारे पसरव, रोडगे मांड, वरून आर ओढ आणि मध्ये मध्ये काठीने फिरवत राहा. अर्धा-पाऊण तास लागतो. पाठीवर भेग पडली आणि टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की काढ. जाड फडक्यात घेऊन झटक, राख पडून जाते. मग हातानेच फोडायचा, त्यावर तूप सोडायचं आणि तुरीच्या घट्ट वरणाबरोबर, नाहीतर वांग्याच्या रश्श्याबरोबर खायचा. रंगवलेलं लाकूड, प्लायवूडचे तुकडे असलं काही त्या आरात कधी घालायचं नाही. पावसाळ्यात ओव्हनमध्ये कर, १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून. धुराची चव हवी असेल तर झाकणाच्या पातेल्यात रोडगे ठेव, मधोमध वाटीत एक निखारा ठेव, त्यावर तुपाचे थेंब सोड आणि लगेच झाकण लाव.

वरणाची डाळ बोरसुरीची मिळाली तर बघ. निलंगा तालुक्यातलं बोरसुरी काही लांब नाही. बोरसुरीची तूरडाळ, त्याच तालुक्यातल्या पानचिंचोलीची चिंच आणि जिल्ह्यातली कास्ती कोथिंबीर या तिघींना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालं की त्या नावाने दुसराच माल विकणारेही निपजतात, म्हणून नाव ऐकून भुलायचं नाही, शक्य झालं तर गावातूनच मागवायचं. कोथिंबिरीची जुडी नुसती बघून घेऊ नको, एक पान चुरगाळून वास घे. चांगल्या कोथिंबिरीचा वास बोटांवर रेंगाळतो.

या कोथिंबिरीच्या तिखट चकत्या फार छान होतात. दोन वाट्या ज्वारी, अर्धी वाटी गव्हाचं पीठ, बारीक चिरून फडक्यावर कोरडी केलेली कोथिंबीर, तीळ, ओवा, ठेचलेला लसूण, तिखट, मीठ आणि चार चमचे करडईचं तेल. लाकडी घाण्याचं करडई तेल आणलंस तर दोन दिवस हलवू नको, गाळ खाली बसू दे, वरचं नितळ तेल वापर. त्याला स्वतःचा वास असतो. तो तिखटाला शोभतो, गोडाला नाही. करडई काटेरी म्हणून तिच्या काढणीला माणूस मिळत नाही आणि तिचं क्षेत्र आटत चाललंय. घाण्यावर गिऱ्हाईक टिकलं तर रानात करडईही टिकेल. पीठ कोमट ताकात भिजव, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये पातळ लाट, काट्याने टोचे मार म्हणजे फुगत नाही, आणि १७० अंशांवर कडा लालसर होईपर्यंत भाज. ओली कोथिंबीर घातलीस तर चकत्या मऊ पडतात, ही एकच खबरदारी.

येळवशीला आपण आंबील करतो, तिच्यातूनही एक युक्ती घेता येते. ज्वारीचं पीठ रात्री आंबट ताकात कालवून ठेव. सकाळी त्यात थोडा रवा, किसलेला दुधी किंवा गाजर, आलं-मिरची आणि वरून तीळ-मोहरीची फोडणी घाल. सोडा सगळ्यात शेवटी, आणि सोडा घातला की भांडं लगेच ओव्हनमध्ये. सोड्याचा फेस ताटकळत नाही. पाच मिनिटं बोलत उभी राहिलीस तर तो निघून जातो आणि खारा केक बसतो. डब्यातला सोडा जिवंत आहे का हे आधीच बघून घे. चिमटीवर लिंबू पिळ, फसफसला तर वापर. बेकिंग पावडर असेल तर गरम पाण्यात टाकून बघ.

गुळाचा केक करायचा तर गूळ काळपट बघून घे. पिवळाधमक, चकचकीत गूळ बहुतेक वेळा हायड्रॉस पावडर घालून उजळवलेला असतो. चाखल्यावर खारट लागला तर तो सोडून दे. गूळ गरम दुधात टाकू नको, दूध नासतं. पाव वाटी पाण्यात विरघळव, गाळ, गार कर, मग दुधात मिसळ. गाळल्याशिवाय वापरायचा नाही, उसाचं चिपाड आणि खडे निघतात. अंडं न घालता बांधायला जवस वापर. एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवली की चिकट होते, तेवढी एका अंड्याच्या जागी चालते.

केळ्याच्या केकला नांदेडकडची अर्धापूरची केळी घे, आणि सालीवर काळे डाग पडलेलीच. फळवाला ती बाजूला काढून ठेवतो आणि अर्ध्या भावात देतो. सीताफळ मात्र कधी भाजू नको. गर तापला की कडू होतो. केक गार झाल्यावर सायीत कालवून वरून लाव. शेंगदाणे भाजून, टरफलं पाखडून घालायचे. सुरकुतलेला, काळा पडलेला, बुरशी धरलेला दाणा दिसला की फेकून द्यायचा, त्यात जीव अडकवायचा नाही. खवा तळहातावर चोळून बघ. तूप सुटलं आणि दुधाचा वास आला तर ताजा, आंबूस आला तर परत कर. मैदा-पिठाची भेसळ वाटली तर थोडा खवा पाण्यात उकळ, गार कर आणि टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाक. निळा पडला तर त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नको. आमच्या वेळी भूमकडचा, कुंथलगिरीचा खवा कुणी आणला तर घरात सण व्हायचा.

लाईटचं गणित आधी जमव. दुपारी कधी जाते, कधी येते ते तुला ठाऊक आहे. मधेच गेली तर ओव्हनचं दार उघडू नको, आतल्या आचेवर बिस्किटं बहुतेक वेळा निभावतात. केक असेल आणि नुकताच ठेवला असेल तर जाड बुडाचं पातेलं गॅसवर ठेव, तळाला मिठाचा थर, त्यावर जाळी, वर झाकण, दहा मिनिटं तापवून त्यात भांडं उतरव. कुकर वापरलास तर शिट्टी आणि रिंग काढून ठेव. पाणी घालायचं नाही आणि ते मीठ पुन्हा स्वयंपाकात घ्यायचं नाही, पुढच्या वेळेसाठी बरणीत भरून ठेव.

रविवारी संध्याकाळी सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नको. हाताला जराही ऊब लागली तर थांब. तुपाच्या नानकटाया पत्र्याच्या किंवा स्टीलच्या घट्ट डब्यात पंधरा-वीस दिवस राहतात, शेंगदाण्याच्या आठवडाभर, गुळाचा आणि केळ्याचा केक दोन दिवस, त्यापुढे फ्रीजमध्ये. गोड आणि लसणाचं एका डब्यात भरायचं नाही. तिखट चकत्या मऊ पडल्या तर मंद ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेव, परत कुरकुरीत होतात. लातूरला किंवा पुण्याला पाठवायच्या असतील तर डब्याच्या तळाला आणि थरांमध्ये कागद घाल, वरची मोकळी जागा चुरमुऱ्यांनी ठासून भर म्हणजे एसटीच्या हादऱ्यांनी हलत नाहीत. चुरमुऱ्यांचा तिकडे सुशीला होतो. डबा वर सामानात टाकायचा नाही, पायाशी इंजिनाच्या बाजूलाही नाही, तिथे तूप सुटतं. मांडीवर घेऊन बसायला सांग.